सुरकुत्यांवरचा उतारा आणि घोळ माशाची पिशवी

१/ ऑगस्ट २०२१. पालघरजवळच्या मुरबे गावातील एका मच्छीमाराच्या जाळ्यात १५७ घोळ मासे आले आणि ते सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना विकले गेले. हा भाव मांसाचा नव्हता. तो होता माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीचा. किनाऱ्यावर तिला ‘बोत’ म्हणतात. ही पिशवी मुख्यत्वे कोलॅजेनची असते.

२/ चीनमध्ये ती वाळवून, शिजवून खाण्याची प्रथा जुनी. त्वचा तजेलदार राहते, हा तिच्यामागचा विश्वास. इंग्रजांना मात्र ती हवी होती बिअर नितळ करण्यासाठी! रशियन मालाला पर्याय म्हणून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील माशांचा विचार व्हावा, यासाठी जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ मध्ये लंडनला एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले.

३/ पण खाल्लेले कोलॅजेन अंगी लागते का? हा वाद प्रथम रंगला तो पॅरिसमध्ये, आणि तोही सौंदर्यासाठी नव्हे, गरिबांच्या पोटासाठी. हाडे उकळून काढलेले जिलेटिन, म्हणजेच विरघळलेले कोलॅजेन, दार्से या रसायनज्ञाच्या पुढाकाराने रुग्णालयांतील सूपमध्ये मिसळले जाई. माजांदी यांच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८४१ मध्ये निर्वाळा दिला : केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण पुढे उमगले. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात मुळीच नसते.

४/ कोलॅजेनची तिपेडी रचना उलगडली ती भारतात. १९५४, मद्रास विद्यापीठ, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था. वयाबरोबर आणि उन्हाने त्वचेतील हीच वीण विरळ होते, सुरकुत्या पडतात.

५/ आजची भुकटी तीच वीण परत आणण्याचा दावा करते. मात्र पोटात गेलेला तिपेडी दोर अखंड राहत नाही; पचनात त्याचे तुकडे होतात. काही लहान तुकडे रक्तात पोहोचतात, एवढे सिद्ध आहे. २०२५ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सरसकट पाहता त्वचेचा ओलावा व लवचीकता सुधारल्याचे दिसले; पण औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढताच तो लाभ उरला नाही. पॅरिसच्या समितीने ज्या प्रश्नावर कुत्री पोसली, त्याच प्रश्नावर आता डबे विकले जातात.

६/ जाता जाता : शरीर स्वतःचे कोलॅजेन घट्ट विणते ते ‘क’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने. ते न मिळाल्यास खलाशांच्या हिरड्या फुटत, भरलेल्या जखमा उकलत. त्या रोगाचे नाव स्कर्व्ही.