लाटा नसलेला समुद्र



एलिमेंटरी परीक्षेची तयारी आठवते? तेव्हा आपलं नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं. चित्रकलेच्या सरांनी एकदा ‘समुद्रकिनारा’ हा विषय दिला. समुद्र पाहिला होता कुणी? आपलं पाणी म्हणजे प्रकाशाच्या घाटावरची तापी, फार तर तोरणमाळचा यशवंत तलाव. मग सगळ्यांनी कॅलेंडरमधला समुद्र काढला : निळ्या लाटा, नारळाचं झाड, शिडाची होडी. वह्या पाहून सर म्हणाले, “लाटा दिसल्या, पाणी कुठंय?”

त्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला, तोही चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यामुळे.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, म्हणजे समुद्रापासून आपल्याहूनही लांब. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. पुढे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना स्टुडिओ मिळाला. तिथे हुसेन चित्रं काढत, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत. समोर अरबी समुद्र होता. गायतोंडे तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसत.

पण त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत होडी नाही, नारळ नाही, लाटाही नाहीत. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. कुठे एखादा आडवा पट्टा क्षितिजासारखा भासतो आणि खोलातून उजेड वर येतो. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं होत. त्यांना ‘अमूर्त’ हा शब्दही मान्य नव्हता. ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणा, असा त्यांचा आग्रह असे.

१९७२ मध्ये ते दिल्लीला गेले. निजामुद्दीनच्या खोलीतून समुद्र कुठला दिसणार? तरी चित्रांतली खोली कायम राहिली. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंद होते. पुढे ते पुन्हा रंगवू लागले. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं.

मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहातल्या त्यांच्या एका चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. आम्ही संगणकवाले दिवसभर स्क्रीनकडे बघतो, पण पाहत काहीच नाही. त्या दिवशी सरांचा प्रश्न आठवला. नववीत ‘वेळ नाही’ म्हणून सोडलेली चित्रकला मी चाळिशीत पुन्हा सुरू केली. दर रविवारी वरळीच्या कट्ट्यावर जाऊन बसते. पहिला अर्धा तास पेन्सिल हातात घ्यायची नाही, असा नियम केलाय.

सर, मेळाव्याला वही घेऊन येते आहे. पाणी अजून जमलेलं नाही. पण या वेळी लाटा काढलेल्या नाहीत.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९९६