दाबाला न जुमानणारा वायू

एप्रिल २०२१ आठवला की अजून धस्स होतं. माझा थोरला भाऊ नागपुरात दवाखान्यात, आणि मी इंदूरला मोबाइलकडे डोळे लावून. कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला गेली आणि द्रवरूप ऑक्सिजन भरून २३ एप्रिलला नागपूरला पोचली. हवाई दलाची विमानं मात्र रिकामेच टँकर नेत होती. "काका, भरलेले का नेत नाहीत?" पुतणीनं फोनवर विचारलं. तिला नीट उत्तर द्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८२३ साली मायकेल फॅरडेनं क्लोरीन वायू दाबाखाली द्रव करून दाखवला. मग एकेक वायू शरण येऊ लागला. १८४५पर्यंत सहाच हटून बसले होते: ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड. त्यांना नावच पडलं, 'कायम वायू'. व्हिएन्नाच्या नाटेररनं तर हवेच्या दाबाच्या हजारो पट दाब देऊन पाहिला. ऑक्सिजन ढिम्म!

चूक कुठे होती, हे बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजनं १८६९मध्ये सांगितलं. मला या सगळ्या गोष्टीत हाच माणूस सर्वांत आवडतो. बारीक काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड घेऊन तो दाबत बसायचा. तापमान ३१ अंशांखाली असलं की द्रव जमे आणि त्याची पातळी नळीत स्पष्ट दिसे. त्याच्या वर मात्र कितीही दाबा, ती रेघ उमटतच नसे. रेणूंची धावपळच इतकी वाढलेली असते, की त्यांचं एकमेकांबद्दलचं आकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. प्रत्येक वायूचा असा आकडा असतो. त्याला क्रांतिक तापमान म्हणतात. घरातला गॅस सिलिंडर हलवला की आत द्रव डचमळतो. सीएनजी रिक्षाच्या टाकीत मात्र २०० पट दाबाखालीही मिथेन वायूच राहतो, कारण त्याचा आकडा उणे ८२ आहे. ऑक्सिजनचा उणे ११८. म्हणजे नाटेररनं आणखी कितीही दाब दिला असता, तरी खोलीच्या तापमानाला काही होणार नव्हतं. आधी थंड करायला हवं होतं.

ते १८७७च्या डिसेंबरात जमलं. फ्रान्समध्ये कायेते हा लोखंडाचा कारखानदार ॲसिटिलीन दाबत असताना उपकरण गळलं, दाब एकदम उतरला आणि नळीत क्षणभर धुकं दिसलं. मग त्यानं ऑक्सिजन ३०० पट दाबून, थंड करून, दाब मुद्दाम सोडला. पुन्हा धुकं! जिनिव्हाच्या पिक्तेचीही तार त्याच महिन्यात पॅरिसला थडकली. पण धुकं म्हणजे काही भांड्यात घेता येणारा द्रव नव्हे. तो क्राकूवमध्ये व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी १८८३च्या एप्रिलमध्ये मिळवला.

तर पुतणीचा प्रश्न. टँकरमधला ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या आसपास असतो. एका लिटर द्रवातून साधारण साडेआठशे लिटर वायू निघतो. टाकीच्या दुहेरी भिंतीत निर्वात पोकळी ठेवली तरी थोडी उष्णता आत शिरतेच, थोडा द्रव उकळतोच, आणि तो वायू झडपेतून बाहेर सोडावाच लागतो. नाहीतर दाब वाढत जातो. विमानाच्या बंद पोटात असा ऑक्सिजन साठला, तर एक ठिणगी पुरेशी. म्हणून जाताना विमान, येताना रेल्वे किंवा रस्ता. निदान एका बाजूचा वेळ वाचत होता.

हे सगळं मी तिला त्या रात्री सांगितलं नाही. "भरलेला टँकर विमानात धोक्याचा असतो बेटा," एवढंच म्हणालो. भाऊ मे महिन्यात घरी आला, तेव्हा तिनं उरलेलं विचारून घेतलं.