पट्टी आणि नाद यांची फारकत : डिजिटल पियानो, वर्कस्टेशन आणि 'मिडी' संकेतप्रणालीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वाद्यनिर्मितीच्या इतिहासात वादकाचा हात आणि वाद्याचा नाद यांचा संबंध दीर्घकाळ अतूट राहिला. इ.स. १७०० च्या सुमारास इटलीमध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने सिद्ध केलेल्या पियानोत पट्टी दाबताच हातोडी तारेवर आदळते व बोटाच्या जोरानुसार नाद लहानमोठा होतो. पट्टी, हातोडी आणि तार ही एकाच शरीराची अंगे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र ही अंगे एकमेकांपासून विलग झाली. एका कंपनीच्या डिजिटल पियानोची पट्टी दाबून दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझर वर्कस्टेशनमधून नाद काढणे ही आज सामान्य बाब आहे. ही फारकत कशी घडून आली आणि तिने वादकाला काय दिले व काय नाकारले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. विद्युत्दाबाचा कालखंड :

अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग याने १९६४ मध्ये विद्युत्दाबाने नियंत्रित होणारा सिंथेसायझर तयार केला. त्यात एका सप्तकासाठी एक व्होल्ट असे प्रमाण होते. पट्टी स्वतः नाद निर्माण करीत नसे. ती केवळ विद्युत्दाब पुरवीत असे. फारकतीचे बीज येथेच आढळते. तथापि सर्व निर्मात्यांनी हे प्रमाण स्वीकारले नाही. कॉर्गच्या १९७८ मधील 'एमएस-२०' या वाद्यात दाब आणि स्वर यांचे गणित निराळे होते. परिणामी दोन कंपन्यांची वाद्ये परस्परांशी बोलू शकत नसत.

मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे एकत्र वापरून रागांवर आधारित ध्वनिमुद्रण केले, ते याच कालखंडात. तिन्ही यंत्रे एकाच कंपनीची होती, ही बाब येथे सूचक ठरते.

२. समान भाषेची निर्मिती :

वाद्यांत सूक्ष्मप्रक्रियक आल्यानंतर परिस्थिती पालटली. 'सिक्वेन्शियल सर्किट्स' या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी चेट वूड यांच्यासह १९८१ मध्ये 'युनिव्हर्सल सिंथेसायझर इंटरफेस' हा प्रस्ताव मांडला. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांचाही समान प्रणालीसाठी आग्रह होता. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील 'नॅम' प्रदर्शनात 'प्रॉफेट-६००' आणि 'ज्युपिटर-६' ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. त्याच वर्षी 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस' अर्थात 'मिडी' प्रणालीची संहिता प्रसिद्ध झाली. तिच्या वापरासाठी निर्मात्यांकडून स्वामित्वशुल्क घेण्यात आले नाही. तिच्या प्रसाराचे हे एक प्रमुख कारण होय.

मिडीच्या तारेतून नाद वाहत नाही. वाहतो तो केवळ आदेश. कोणती पट्टी, किती वेगाने, कोणत्या वाहिनीवर दाबली गेली, एवढेच त्यात असते. वाहिन्या १६, पट्ट्यांचे क्रमांक ० ते १२७ आणि गती दर सेकंदास ३१,२५० बिट. एक स्वर सुरू करण्याचा आदेश पोहोचण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो.

३. पियानो आणि वर्कस्टेशन यांचा संयोग :

१९८८ मध्ये कॉर्गने 'एम-१' हे वर्कस्टेशन बाजारात आणले. नमुनाध्वनी, तालवाद्ये, ध्वनिपरिणाम आणि वादन नोंदविणारा सिक्वेन्सर हे सारे एकाच पेटीत उपलब्ध झाले. मात्र त्याला ६१ हलक्या पट्ट्या होत्या. पियानोवर घडलेल्या हाताला ८८ पट्ट्यांची आणि त्यांच्या वजनाची सवय असते. रोलँडचा १९८६ मधील 'आरडी-१०००' यासारख्या डिजिटल पियानोंत वजनदार पट्ट्या आणि मिडी या दोन्ही गोष्टी होत्या. त्यामुळे पियानोची 'आउट' खाच वर्कस्टेशनच्या 'इन' खाचेस जोडणे हा स्वाभाविक मार्ग ठरला. कॉर्गनेही १९८९ मध्ये 'टी-१' हे ८८ पट्ट्यांचे वर्कस्टेशन काढले, यावरून या गरजेची तीव्रता लक्षात येते.

या संयोगात काही अडचणीही होत्या. डिजिटल पियानोत पट्टीखालील दोन संपर्कबिंदूंमधील कालांतर मोजून वेग ठरविला जातो व तो १ ते १२७ या अंकांत बसविला जातो. एका कंपनीचा ९० हा अंक दुसऱ्या कंपनीच्या वाद्यात त्याच जोराने वाजेल, याची हमी संहितेने दिलेली नाही. म्हणून स्पर्शाची वक्ररेषा जुळवावी लागते. पियानोचा स्वतःचा नाद नको असल्यास १२२ क्रमांकाच्या आदेशाने त्याच्या पट्ट्यांचा आतील ध्वनियंत्रणेशी असलेला संबंध तोडावा लागतो. पियानोवादक पेडल अर्धवट दाबून जो सूक्ष्म परिणाम साधतो, तोही अनेकदा हरवतो. कारण ६४ क्रमांकाच्या पेडल-आदेशाचे मूल्य ६३ पर्यंत 'बंद' आणि ६४ पासून 'चालू' एवढेच अनेक वाद्ये ओळखतात. स्वर वाकविणारे चक्र बहुधा वर्कस्टेशनवरच असते, त्यामुळे उजवा हात एका वाद्यावर आणि डावा दुसऱ्यावर, अशी विभागणी रूढ झाली.

४. मर्यादा आणि भारतीय संदर्भ :

मिडीची मूळ कल्पना कीबोर्डकेंद्री आहे. एफ. रिचर्ड मूर यांनी १९८८ मध्येच 'कॉम्प्युटर म्युझिक जर्नल'मध्ये तिच्या उणिवांची चिकित्सा केली होती. स्वर वाकविण्याचा आदेश संपूर्ण वाहिनीस लागू होतो. एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांपैकी एकालाच मींड देता येत नाही. भारतीय श्रोत्यास हा आक्षेप अपरिचित नाही. मींड आणि श्रुती यांना पट्ट्यांत स्थान नाही, या स्वरूपाच्या आक्षेपांतूनच आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमवर बंदी घातली होती. पट्टी नादापासून वेगळी झाली, तरी पट्टीची विचारपद्धती नादावर कायम राहिली, असे म्हणावे लागते. २०२० मध्ये स्वीकृत झालेल्या 'मिडी २.०' मध्ये प्रत्येक स्वरास स्वतंत्र वळण आणि वेगासाठी १६ बिटांची सूक्ष्मता देण्यात आली, ती याच उणिवेच्या निवारणार्थ.

निष्कर्ष :

प्रतिस्पर्धी कंपन्यांनी विनाशुल्क समान भाषा स्वीकारल्यामुळे वादकास स्पर्श एका वाद्यातून आणि नाद दुसऱ्या वाद्यातून निवडण्याचे स्वातंत्र्य लाभले. स्मिथ व काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देऊन या कार्याचा गौरव करण्यात आला. परंतु स्पर्शाचे अंकांत रूपांतर होताना जे अंकांत मावले नाही, ते मागे राहिले. कोणतेही प्रमाणीकरण संवाद सुलभ करते, त्याचबरोबर काय बोलता येईल याची सीमाही आखते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.