रिआस बायशास

स्पेनच्या वायव्य टोकाला असलेल्या गॅलिशिया या स्वायत्त प्रदेशाचा दक्षिणेकडील अटलांटिक किनारा. उत्तरेस फिस्तेरा (फिनिस्टेअर) भूशिरापासून दक्षिणेस पोर्तुगालच्या सीमेजवळच्या बायोना बंदरापर्यंत तो पसरला आहे. ही दोन टोके एकमेकांपासून सरळ अंतराने सुमारे ५० सागरी मैल दूर आहेत. पण मूरोस-नोइआ, अरोउसा, पोंतेवेद्रा आणि विगो या चार मोठ्या खाड्या आत घुसल्यामुळे प्रत्यक्ष किनारा कितीतरी लांब भरतो. विगो हे युरोपातील प्रमुख मासेमारी बंदर आणि आसपासची काही पर्यटनस्थळे सोडली, तर हा किनारा अजून शांत आहे. शिडाच्या यॉटमधून सावकाश फिरण्यासाठी याच्याइतका अनुकूल किनारा पश्चिम युरोपात क्वचितच सापडतो.

भूरचना : हा ग्रॅनाइटचा प्रदेश आहे. हिमयुगात येथील नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी सुमारे १२० मी. वाढली आणि या दऱ्या पाण्याखाली गेल्या. अशा बुडालेल्या दरीला भूगोलात ‘रिया’ ही गॅलिशियातलीच संज्ञा वापरतात. बहुतेक खाड्यांची तोंडे नैर्ऋत्येकडे उघडतात. विगोच्या मुखाशी सीएस, पोंतेवेद्राच्या मुखाशी ओन्स आणि अरोउसाच्या मुखाशी साल्वोरा ही बेटे आहेत. अटलांटिकची लांब पल्ल्याची लाट त्यांच्यावर फुटते आणि आतले पाणी निवांत राहते. चारही खाड्यांत अरोउसा सर्वांत मोठी आहे; मात्र तिच्यात खडकही पुष्कळ आहेत.

हवामान : उन्हाळ्यात अझोर्स बेटांजवळ उच्च वायुभाराचे केंद्र स्थिरावते आणि किनाऱ्यावर उत्तर-ईशान्येचे वारे वाहतात. उत्तरेकडून येणाऱ्या नौकेच्या पाठीशी हे वारे असतात. त्यांच्या रेट्याने पृष्ठभागाचे पाणी बाहेर सरकते आणि खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही येथे पोहताना अंगात कापरे भरते, पण प्लवकांची व पर्यायाने मासळीची समृद्धी याच पाण्यातून येते. दाट धुकेही अनेकदा याच थंड पाण्यामुळे पडते. हिवाळ्यात नैर्ऋत्येची वादळे येतात. फिस्तेराच्या उत्तरेकडील किनाऱ्याला, तेथे बुडालेल्या असंख्य जहाजांमुळे, ‘कोस्ता दा मोर्ते’ म्हणजे मृत्यूचा किनारा म्हणतात. ब्रिटिश युद्धनौका ‘सर्पंट’ १८९० मध्ये तेथेच खडकावर आदळली आणि तिच्यावरचे केवळ तिघे वाचले.

नौकानयन : बिस्केचा उपसागर ओलांडून येणाऱ्या नौका बहुधा आ कोरुन्या येथे थांबतात. तेथील ‘हर्क्युलीसचा मनोरा’ हे रोमन काळातले दीपगृह आजही वापरात आहे (जागतिक वारसा, २००९). फिस्तेराला वळसा घातला की एका खाडीतून दुसरीत जाण्यास अर्धा दिवस पुरतो. वारा फिरला, तर खाडीच्या दुसऱ्या काठाला आडोसा मिळतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या जवळ जातो. म्हणून नांगर टाकताना साखळीचा हिशेब भरतीच्या पातळीने करावा लागतो. खाडीत शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला राहतो. भारतीय बंदरांतही हीच पद्धत आहे. २०२० पासून आयबेरियाच्या किनाऱ्यालगत ऑर्का देवमाशांनी यॉटच्या सुकाणूंना धडका दिल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे निघण्यापूर्वी त्यांच्या ताज्या नोंदी पाहणे आवश्यक ठरते.

सागरी जीवन व व्यवसाय : खाड्यांच्या आत ‘बातेआ’ नावाचे लाकडी तराफे ओळीने नांगरलेले असतात. त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक असून त्यांतले बहुसंख्य अरोउसात आहेत. निलगिरीच्या ओंडक्यांच्या अशा एका तराफ्याखाली कमाल १२ मी. लांबीचे ५०० पर्यंत दोर लोंबतात आणि त्यांवर मसल जातीचे शिंपले वाढवतात. स्पेनमधील बहुतांश मसल येथूनच बाजारात जातात. नौकेने या ओळींच्या मधून जाण्यापेक्षा आखलेल्या मार्गाने जावे, रात्री तर नक्कीच. ओहोटी लागली की बायका वाळूत खुरपून शिंपल्या वेचतात. उघड्या खडकांवर लाटांच्या माऱ्यात पेर्सेबेस हे मौल्यवान कवचधारी प्राणी काढणारे जीव धोक्यात घालतात. पोंतेवेद्राच्या काठावरील कोम्बारो गावात दगडी धान्यकोठारे थेट पाण्याच्या कडेला उभी आहेत. कांबादोस परिसर अल्बारिन्यो द्राक्षांच्या वाइनसाठी प्रसिद्ध आहे.

इतिहास : कोलंबसच्या पहिल्या सफरीतले ‘पिंता’ हे जहाज १ मार्च १४९३ रोजी बायोनाला लागले आणि अटलांटिकपलीकडच्या भूमीची वार्ता युरोपात प्रथम येथे पोहोचली. १७०२ मध्ये इंग्रज-डच आरमाराने विगोच्या खाडीत अमेरिकेहून संपत्ती घेऊन आलेल्या स्पॅनिश ताफ्याचा नाश केला. ज्यूल व्हर्नने आपल्या कादंबरीतल्या कॅप्टन निमोला याच खाडीतून सोने काढताना दाखवले आहे.

संरक्षण : सीएस, ओन्स, साल्वोरा आणि कोर्तेगादा ही बेटे व त्यांभोवतीचा समुद्र मिळून २००२ मध्ये ‘अटलांटिक बेटे राष्ट्रीय उद्यान’ स्थापन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘प्रेस्टिज’ हे तेलवाहू जहाज किनाऱ्यापासून दूर बुडाले आणि हजारो टन जड तेल समुद्रात पसरले. तेलाचे तवंग बेटांपर्यंत आले तेव्हा खाड्यांतले मच्छीमार आपल्या होड्या घेऊन निघाले. हाती लागेल त्या साधनाने आणि पुष्कळदा नुसत्या हातांनी त्यांनी ते तेल उपसले व आतल्या शिंपल्यांच्या पाण्यात ते शिरू नये म्हणून ते झगडले. आज दिसणारे स्वच्छ पाणी निसर्गाच्या औदार्याइतकेच या माणसांच्या कष्टाचेही आहे. उद्यानाच्या हद्दीत नौका नेण्यासाठी आधी परवाना घ्यावा लागतो आणि नांगर टाकण्यासाठी वेगळी अनुमती लागते. समुद्री गवताच्या कुरणांवर नांगर टाकू नये. तेथे माशांची पिल्ले वाढतात. हे नियम जाचक वाटले, तरी या किनाऱ्याची शांतता त्यांच्यावरच टिकून आहे, आणि येथे येणाऱ्या प्रत्येक नाविकाने ते मनापासून पाळले पाहिजेत.

नौकानयनासाठी जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत योग्य असतो.