पिंपळपान, हत्तीची पाठ आणि भाज्याचं छत

नवी मुंबईत आर्किटेक्चरवाल्या मित्रांशी बोलायला बसलं की पाच मिनिटांत ‘निसर्गातून घेतलेला आकार’ हे शब्द येतातच. झाहा हदीद आर्किटेक्ट्सनी आखलेल्या आपल्या विमानतळाची कल्पना कमळावरून घेतलेली, म्हणजे उदाहरणही घराजवळचंच. मी फिजिक्समध्ये एमएस्सी करून या विषयात आले आणि माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर हे शब्द ऐटीत लिहिले होते. ते पान नंतर फाडावं लागलं. का, ते सांगते, कारण प्रस्ताव लिहायला बसलेल्या प्रत्येकाला ही चूक करायचा मोह होतो.

विषय होता लाकडी वक्र छतांचं मॉडेल. त्यासाठी युरोपात जायची गरज नाही. आमच्या बाजूचे आगरी-कोळी लोक एकवीरा आईला कार्ल्याला जातात. देवळाला अगदी लागूनच जे मोठं चैत्यगृह आहे, त्याच्या छताला आतून लाकडी फासळ्या आहेत. नेरूळच्या माझ्या मैत्रिणीने लहानपणापासून दहा वेळा दर्शन घेतलंय. वर मान करून फासळ्या पाहिल्या त्या माझ्याबरोबर गेली तेव्हा. तिच्या काकांचं मत ऐकून घ्या: “होडी उपडी घातलीय.” हे मत लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कार्ल्याचं चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं, लांबी साधारण ३८ मीटर. मळवली स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला भाजे आहे, ते त्याहून जुनं, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं. तिथेही लाकडी फासळ्या आहेत आणि त्यांतल्या लाकडावर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. आता गंमत बघा. लेणं डोंगरात कोरलेलं, वर अख्खा कातळ. या फासळ्या काहीही पेलत नाहीत. त्या काढल्या तरी छत जागेवर राहील. तरीही एवढा खर्च आणि कष्ट करून त्या बसवल्या, कारण आधीची सभागृहं लाकडाची होती आणि छत म्हणजे फासळ्या दिसायलाच हव्यात, ही सवय कातळातही सुटली नाही. ती लाकडी सभागृहं केव्हाच कुजून गेली. त्यांच्याबद्दल जे काही कळतं, ते या दगडी नकलांवरून.

मराठी पुस्तकांत दर्शनी कमानीला ‘पिंपळपानाकृती’ म्हणतात आणि छताला ‘गजपृष्ठाकार’. एक पान, एक हत्ती. मला वाटलं, झालं काम! भाज्याच्या कमानीचा मोबाइलवर फोटो काढला, राइनोमध्ये मागे लावला, पिंपळाच्या पानाची कड त्यावर बसवली. इतकी छान जुळली की मी ती आकृती प्रस्तावात टाकली.

आमच्या गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “फोटो काढताना फोन कसा धरला होता?”

खालून वर, तिरपा. अशा फोटोत उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि कोणतीही कमान माथ्याकडे निमुळती होते. माझ्या कमानीला पानाचं टोक मिळालं होतं ते निम्मं फोनमुळे. तोवरचे तीन आठवडे पाण्यात. (लेन्स आणि कोन नोंदवल्याशिवाय फोटोवरून मापं घेऊ नका. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.)

मग प्रश्न बदलला. आकार कशासारखा दिसतो हे बाजूला ठेवून, कसा घडला असेल ते बघायचं ठरलं. ग्रासहॉपरमध्ये कांगारू नावाचं प्लगइन आहे, त्यात वस्तूंना बल लावून आकार ‘शोधू’ देता येतो. मी दोन प्रयोग केले.

पहिला, साखळी. रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये एका कोड्यात लपवून सांगितलं होतं की लोंबणारी साखळी उलटी केली की कमानीचा योग्य आकार मिळतो. फ्राय ऑटोने जर्मनीत मानहाइमच्या १९७५ च्या लाकडी जाळीदार छताचा आकार लोंबत्या मॉडेलवरूनच काढला. पण उलट्या साखळीचे पाय नेहमी सगळ्यांत लांब असतात. भाज्याची कमान घोड्याच्या नालासारखी, खाली आत वळलेली. म्हणजे साखळी बाद. इथे मोजमापाचीही गरज नव्हती.

दुसरा, वाकवलेली काठी. बांबूची कांब घेऊन दोन्ही टोकं जवळ आणत जा. आधी धनुष्य होतं, मग अर्धगोल, आणि आणखी जवळ आणलीत की पोट बाहेर येऊन पाय आत जातात. हुबेहूब नाल. या वक्राचं गणित ऑयलरने १७४४ मध्ये मांडलं. वाकलेली काठी पायांना बाहेर ढकलते, आणि भाज्याचे खांब बघाल तर आतल्या बाजूला कललेले आहेत. कातळात त्या कलण्याचा उपयोग शून्य. बाहेर ढकलणाऱ्या छताखाली मात्र तसाच खांब हवा. निलगिरीतल्या तोडा लोकांची बांबू-वेताची घरं आजही याच कुळातली दिसतात.

यावरून मूळ सभागृहं बांबूचीच होती हे सिद्ध होत नाही. वक्र जुळला म्हणून कारण जुळलं, असं म्हणणं म्हणजे पिंपळपानाचीच चूक नव्याने करणं. शिवाय जाड लाकडाचा हिशोब आडवा येतो. कार्ल्याच्या मधल्या दालनाची रुंदी सुमारे ७.८ मीटर, म्हणजे वक्राची त्रिज्या ३.९ मीटर धरू. वाकवताना बाहेरच्या कडेला पडणारा ताण म्हणजे जाडी भागिले दुप्पट त्रिज्या. २० मिलिमीटरची पट्टी असेल तर ०.२६ टक्के, आरामात वाकेल. २०० मिलिमीटरचा वासा असेल तर २.६ टक्के, कोरडं लाकूड १ टक्क्याच्या आसपासच तुटतं. म्हणून जाड फासळी हवी असेल तर ती वाकवत नाहीत. फिलिबेर द लोर्मने १५६१ मध्ये आखूड फळ्या जोडून कमानी करायची रीत छापली, ऑटो हेट्झरने १९०६ मध्ये पातळ पट्ट्या चिकटवून वक्र तुळया करायचं पेटंट घेतलं. आणि आपल्या किनाऱ्यावरचे होड्या बांधणारे सुतार मुळात वाकडी वाढलेली फांदीच शोधतात, म्हणजे धागा वळणाबरोबर जातो. काकांची उपडी होडी इथे उपयोगी पडली. माझ्या मॉडेलमध्ये आता तिसरा पर्याय तोच आहे.

प्रस्ताव दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा पहिल्या पानावर पानही नव्हतं, हत्तीही नव्हता. कार्ल्याच्या एका शिलालेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख आहे; चैत्याच्या दाराच्या कामाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. कातळात कोरलेल्या इमारतीत सुतार, आणि तोही नावानिशी, बापाच्या नावासकट. मी सुरुवात त्याच्यापासून केली. मॅडमनी त्या पानावर पेन्सिलने एवढंच लिहिलं: “याची पट्टी किती जाड होती?”

पुढच्या महिन्यात मळवलीला जाणार आहोत. या वेळी ट्रायपॉड आणि लेव्हल घेऊन.