चव्हाटा आणि चौक

मराठीत ‘चव्हाटा’ हा शब्द आज बहुधा बदनामीशी जोडला जातो. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली की अब्रू गेली, असे आपण मानतो. मूळ अर्थ मात्र साधा आहे : चार वाटा जेथे मिळतात ती जागा. पण जी गोष्ट मुळातच सर्वांची आहे, ती मांडायला चव्हाट्यावाचून दुसरी जागा कोणती? या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या इतिहासात सापडते.

१८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले. जेथे पूर्वी तटाचा चर्चगेट हा दरवाजा होता, त्या परिसरात त्याच दशकात हे कारंजे उभे राहिले. माथ्यावर रोमन पुष्पदेवता, आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे, दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा. तट गेल्याने शहर मोकळे झाले, हे खरे. परंतु त्या मोकळ्या जागेत सामान्य माणसाने थांबावे, चार माणसांत आपले म्हणणे मांडावे, ही अपेक्षा त्या रचनेत दिसत नाही. भोवती बँका आणि कचेऱ्या वाढल्या. चौक पाहण्याचा आणि ओलांडण्याचा राहिला.

त्याचा चव्हाटा झाला तो २१ नोव्हेंबर १९५५ रोजी. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध कामगारांनी संप केला आणि विधिमंडळाच्या दिशेने निघालेला जनसमुदाय येथे अडवला गेला. पोलिसांच्या गोळीबारात त्या दिवशी १५ जणांचा बळी गेला. जानेवारी १९५६ मध्ये शहरात पुन्हा गोळीबार झाले. पुढे १०५ हुतात्मे ही संख्या मराठी मनात कायमची रुजली. गिरणगावातून आलेला माणूस कचेऱ्यांच्या या भागात एरवी कामापुरता येई. त्या दिवशी तो हक्काने उभा राहिला. चौकाचा स्वभाव स्थापत्याने नव्हे, तर या उभे राहण्याने बदलला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले आणि कारंज्याजवळ मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक उभारले गेले. देवता आणि श्रमिक आज शेजारी आहेत. एकीकडे साम्राज्याने दिलेली शोभा, दुसरीकडे लोकांनी मिळवलेली ओळख. नाव बदलूनही पुष्कळांच्या तोंडी ‘फाउंटन’च राहिले. त्यात केवळ विस्मरण पाहणे अन्यायाचे ठरेल. दोन्ही नावे मिळूनच या जागेचा इतिहास पूर्ण होतो.

खरी अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. २१ नोव्हेंबरला आणि १ मे रोजी येथे पुष्पचक्रे वाहिली जातात. मात्र आजचा मोर्चा येथे येऊ शकत नाही. दक्षिण मुंबईतील निदर्शनांसाठी आझाद मैदानाची जागा ठरवून दिलेली आहे. वाहतूक, इस्पितळांकडे जाणारे रस्ते, रहिवाशांची गैरसोय ही कारणे खोटी नाहीत. तरीही ज्या कृतीमुळे चौकाला नाव मिळाले, तीच कृती तेथे वर्ज्य ठरावी, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. स्मारक आपल्याला मान झुकवायला सांगते. चव्हाटा मान वर करून बोलायला सांगत असे. हुतात्म्यांनी यांपैकी कोणती गोष्ट केली होती, एवढे तरी तेथून जाताना आठवावे.