नाकाचे माप आणि दीड मण अर्ज

१९११ची खानेसुमारी सुरू असताना बंगालच्या खानेसुमारी अधीक्षकांकडे अर्जांचा इतका ढीग साचला की त्यांनी तो चक्क वजनात सांगितला : दीड मण. आजच्या मापाने पन्नास किलोंहून अधिक कागद. मागणी बहुतेकांची सारखीच. आमच्या जातीचे नाव बदला, तिला वरची पायरी द्या, आम्हांस क्षत्रिय वा वैश्य म्हणून नोंदवा.

हिमालय मोजला म्हणून तो उंच होत नाही. मग मोजणी होताच जाती का हलू लागल्या? समाजातील गोष्टी नेमक्या कोणत्या अर्थाने 'असतात', हा सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानातील मूळ प्रश्न. भारतात तो ग्रंथालयाच्या आधी सरकारी तक्त्यात उभा राहिला.

तक्ता १९०१च्या खानेसुमारीचा. आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी प्रांतोप्रांती जातींची सामाजिक मान्यतेनुसार उतरंड लावून घेतली. तोवर मानपानाचे वाद बहुधा पंगतीत, पाणवठ्यावर किंवा जातपंचायतीत चालत. एका मुलखातला निवाडा दुसऱ्यास बांधील नसे. आता उतरंड छापील झाली. वैश्यांत गणले जाण्यास खत्री समाजाने हरकत घेतली आणि क्षत्रिय म्हणून मान्यता मिळवली. इतरांनी त्यापासून धडा घेतला असल्यास नवल नाही.

रिस्ली यांच्या मते मात्र जात हाडामांसात होती. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर : या 'नासिका निर्देशांका'वरून जातीचा दर्जा कळतो, नाक जितके रुंद तितका दर्जा खालचा, असा त्यांचा दावा. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात मोजमापांची छाननी केली. गंगेच्या खोऱ्यातील प्रदेश सोडल्यास हा नियम टिकत नव्हता. खानेसुमारीने जातिभावनेला खतपाणी घातले, असा ठपकाही त्यांनी ठेवला.

त्याहून मूलगामी उत्तर १६ वर्षे आधी न्यूयॉर्कमध्ये दिले गेले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि पुढे मराठी ज्ञानकोश सिद्ध करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी पारखल्या. केतकरांना त्यांनी दाद दिली, कारण त्यांनी जात सुटी न पाहता व्यवस्थेच्या संदर्भात पाहिली होती. आंबेडकरांच्या मते एकटी जात असूच शकत नाही. जाती नेहमी अनेकवचनी. जात म्हणजे दारे लावून घेतलेला वर्ग, आणि कडी म्हणजे जातीबाहेरील विवाहास बंदी. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा ती कडी शाबूत राखण्यासाठी. नाकाच्या मापाला या विवेचनात जागाच उरत नाही.

म्हणून जात भ्रम ठरते असेही नाही. रूढी व्यक्तीच्या बाहेर असते आणि मोडणाऱ्यास दंड करते, म्हणून सामाजिक तथ्ये 'वस्तू' मानून अभ्यासावीत, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १८९५ मध्ये मांडले होते. वाळीत पडलेल्या कुटुंबाला जात काल्पनिक वाटत नाही. पण आचरणावर उभी असलेली गोष्ट आचरण बदलल्यास ढासळू शकते. १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मधील आंतरजातीय विवाहाच्या आग्रहाची मुळे या निबंधात सापडतात.

अर्जांच्या ढिगाचा उलगडा कॅनडाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांच्या विचारातून होतो. माणसांचे वर्ग पाडले की माणसे त्या वर्गांना प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादाने वर्गच बदलतात. खडक अर्ज करीत नाही.

१९३१च्या खानेसुमारीत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत उपजाती, कुळे, आडनावे आणि लेखनभेद मिळून ४६ लाखांहून अधिक नावे जमली. इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांतील आरक्षणासाठी महाराष्ट्र शासनाने ही माहिती मागितली, तेव्हा ती वापरण्याजोगी नाही, असे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये आगामी जनगणनेत पुन्हा जात विचारण्याचा निर्णय झाला.